वाचकांचे प्रश्न : लुई राजा कुठल्या पानावर आहे?

रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ १८९४ साली आलं, ‘द सेकंड जंगल बुक’ पुढच्याच वर्षी. या दोन पुस्तकांतल्या मोगलीच्या गोष्टी आणि त्यांवर निघालेले चित्रपट यांविषयीचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत ‘जुना चित्रपट’ म्हणजे डिस्नेचा १९६७ चा कार्टूनपट आणि ‘नवा’ म्हणजे जॉन फॅव्हरोचा २०१६ चा.

प्रश्न : मुलाने नवा चित्रपट पाहून पुस्तक हट्टाने मागवलं. आता अर्ध्यावर आलाय आणि रोज विचारतो, लुई राजा कधी येणार? शिवाय त्याच्या मते पुस्तकातला अजगर ‘चुकीचा’ आहे, कारण तो मोगलीला मदत करतो. (पुणे)

लुई राजा येणार नाही. तो पुस्तकात कुठल्याच पानावर नाही. १९६७ साली डिस्नेने त्याला नव्याने घडवलं, तेही ओरँगउटान म्हणून. हा प्राणी सुमात्रा आणि बोर्निओचा, गोष्टी घडतात त्या सातपुड्यात तो यायचा कुठून? नव्या चित्रपटाने त्याला जायगँटोपिथेकस केलं, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय कपी. पत्ता दुरुस्त झाला, काळ बिघडला.

किपलिंगच्या माकडांना, म्हणजे बंदरलोगांना, राजा नाही आणि तो नसणं हीच तर त्यांची ओळख. त्यांना पुढारी नाही, नियम नाही, आठवण नाही. आज आपण विचार करतो तोच उद्या सगळं रान करेल अशी बढाई मारायची आणि वरून एखादं फळ पडलं की सगळं विसरून त्याच्यामागे धावायचं. अशांना सिंहासनावर बसणारा, हिशेबी बोलणारा राजा दिला की ती माकडं राहत नाहीत, टोळी होते. चित्रपटाला खलनायक लागतो हे खरं, पण इथे जे गेलं ते बारीकसारीक नव्हे.

तरी लुईचं बी पुस्तकातच आहे, ते मुलाला दाखवा. ‘काज हंटिंग’ या गोष्टीत माकडं मोगलीला का पळवतात? तो लाकूडतोड्याचा मुलगा, त्यामुळे कुणी न शिकवता गळून पडलेल्या फांद्यांच्या छोट्या झोपड्या करत असतो. माकडांनी ते झाडावरून पाहिलेलं असतं. वारापाण्यापासून आडोसा करायला हा आपल्याला शिकवील, असं त्यांना वाटतं. चित्रपटातल्या लुईला माणसाकडून आग हवी आहे; पुस्तकातल्या माकडांना काटक्या विणण्याचं कसब हवं आहे. माणसाची विद्या चोरायची हा धागा तोच, फक्त आगीची ज्वाळा पडद्यावर दिसते चांगली.

आता अजगर. पुस्तकातला काऽ तीस फूट लांब, म्हातारा आणि मोगलीचा मित्र. (नावापुढचा अवग्रह मुद्दाम आहे, कारण पुढे येईल.) डोळ्यांनी भुरळ घालणं पुस्तकातही आहे, पण ती माकडांवर. माकडांनी मोगलीला नेलेल्या उजाड शहरातली त्याच्या सुटकेची लढाई संपल्यावर चांदण्यात काऽ आपला भुकेचा नाच सुरू करतो, माकडं एकेक पाऊल पुढे सरकू लागतात आणि त्यांच्याबरोबर बालू व बगीराही. भुरळ पडत नाही ती एकट्या मोगलीला. तो दोघांना हात लावून भानावर आणतो. दोन्ही चित्रपटांनी हे उलटं केलं: भुरळ मोगलीला, आणि नव्यात तर सोडवणाराही बालू.

याच गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा फरक दडलेला आहे. मोगली वाचतो कशामुळे? बालूने मारून-मुटकून पाठ करून घेतलेल्या बोलांमुळे. ‘तुझं-माझं रक्त एक’ हे वाक्य प्रत्येक जमातीच्या बोलीत म्हणायचं. पक्ष्यांना सांगताना शेवटी घारीची शीळ, सापांना सांगताना फूत्कार. माकडं त्याला शेंड्याशेंड्यांवरून नेत असताना तो वर घिरट्या घालणाऱ्या चिल नावाच्या घारीला तिच्या बोलीत हाक देतो, ‘माझा माग लक्षात ठेव, बालू-बगीराला सांग’. पुढे नागांनी भरलेल्या पडक्या मंडपात त्याला टाकतात तेव्हा सापांचा बोल वापरतो. नाग म्हणतात, मग हलू नकोस, तुझ्या पायाखाली आम्ही चिरडले जाऊ. नव्या चित्रपटात या जागी ‘माणसाच्या युक्त्या’ आल्या: दोरखंड, बांधलेली काठी, वरून मध काढायची करामत. म्हणजे पुस्तकातला मोगली जिंकतो तो रानाची भाषा शिकल्यामुळे, चित्रपटातला जिंकतो माणूस असल्यामुळे. बाकीचे बहुतेक फरक या एका फरकातून निघतात.

प्रश्न : आठवीच्या ४० मुलांसाठी पुस्तक-चित्रपट तुलनेच्या तीन तासिका मिळाल्या आहेत. मागच्या वेळी ‘पुस्तक भारी की सिनेमा’ या वादातच वेळ संपला. पद्धत सुचवाल का? (सातारा)

आख्खं पुस्तक आख्ख्या चित्रपटासमोर ठेवलं की हा वाद होणारच. एकच प्रसंग घ्या आणि तो शेरखानचा शेवट असू द्या. तो ‘टायगर! टायगर!’ या गोष्टीत आहे.

पहिल्या तासिकेला गोष्ट वाचा, पण करडा भाऊ (मोगलीचा लांडगा-भाऊ) पळसाच्या झाडापाशी येऊन ‘शेरखान वैनगंगेच्या मोठ्या कोरड्या घळीत दडलाय’ असं सांगतो तिथे थांबा. पाच-पाच मुलांचे आठ गट करा, प्रत्येक गटाला एक कार्डशीट द्या. फळ्यावर एवढंच लिहा: घळीच्या कडा जवळजवळ उभ्या, वेली आहेत पण त्यांवर पाय ठरत नाही. वाघाने पहाटे डुक्कर मारून खाल्लंय आणि वर पाणीही प्यायलाय. मोगलीकडे गावचा म्हशींचा कळप, रामा नावाचा मुख्य रेडा आणि दोन लांडगे, म्हणजे करडा भाऊ आणि अकेला. बंदूक नाही, आग नाही. आता बेत आखा.

निम्मे गट तरी कळप घळीच्या वरच्या तोंडाने आत सोडतील. तिथे विचारायचं, ‘वाघ खालच्या तोंडाने निघून गेला तर?’ मोगलीलाही हाच प्रश्न पडतो आणि तो कळप फोडायचं ठरवतो. म्हशी रेडकांना मध्ये घेऊन एकीकडे, रेडे आणि तरणे रेडे दुसरीकडे. फोडायचं काम दोन्ही लांडगे करतात. सहा माणसांनाही ते इतकं नीट जमलं नसतं, असं किपलिंग म्हणतो. करडा भाऊ म्हशींना खालच्या तोंडाशी नेतो, तेही कडा वाघाच्या उडीच्या वर जातील अशा जागेपर्यंत. मोगली रामाच्या पाठीवर बसून रेड्यांना लांबचा वळसा देत वरच्या तोंडाशी आणतो. लांबचा वळसा का, हे मुलांना शोधू द्या. जवळून नेले तर वाघाला आधीच चाहूल लागेल.

वर पोचल्यावर मोगली लगेच हाकत नाही. रेड्यांना दम घेऊ देतो, कारण त्यांना वाघाचा वास अजून लागलेला नाही. मग घळीत तोंड घालून आरोळी देतो. खालून पोट भरलेल्या, झोपमोड झालेल्या वाघाची गुरगुर येते. सकाळच्या डुकराचा उपयोग इथे: जडावलेला वाघ लढतही नाही, कड्यावर चढतही नाही. रेडे सुटतात. शेरखान खाली पळतो, पुढे म्हशी दिसतात आणि तो मागे वळतो. रेडकं बरोबर असलेल्या म्हशींपेक्षा रेडे परवडले, एवढं वाघालाही कळतं. रामा अडखळतो, मऊशा कशावरून तरी पुढे जातो. झालं. वाघाच्या मरणाचं वर्णन एवढंच आहे. त्यानंतरचा उद्योग मोठा: समोरासमोर आलेले दोन कळप एकमेकांना शिंगं लावू लागतात, तेव्हा अकेला आणि करडा भाऊ पायांना चावे घेत त्यांना वेगळं करतात.

दुसऱ्या तासिकेला हा भाग पूर्ण वाचून नकाशे दुरुस्त करून घ्या. चुका ठरलेल्या येतात. इंग्रजी मजकुरातल्या ‘काऊज’चं मुलं ‘गायी’ करतात आणि ‘बुल्स’चे ‘बैल’. मग गायी-बैल वाघावर कसे चालून गेले, हा प्रश्न पडतो. ते म्हशी आणि रेडे आहेत हे सुरुवातीलाच सांगा. म्हशींचा कळप वाघाला अंगावर घेतो, हे गावाकडच्या मुलांना सांगावंही लागणार नाही. दुसरी चूक म्हणजे चित्रपट पाहिलेली मुलं नकाशात बालू आणि बगीराला उभं करतात. या लढाईत ते दोघे नाहीत. तिसरी गंमत रामाची. जुन्या चित्रपटात रामा हे लांडग्या-बापाचं नाव आहे, त्यामुळे एखादा गट रेड्याऐवजी लांडग्याच्या पाठीवर मोगलीला बसवतो.

तिसऱ्या तासिकेला नव्या चित्रपटाची शेवटची पंधरा-वीस मिनिटं दाखवा. तिथे मोगली गावातून मशाल आणतो, वाटेत ठिणग्या पडून रान पेटतं, तो मशाल पाण्यात टाकतो, सगळी जनावरं त्याच्या बाजूने उभी राहतात आणि अखेर वाळलेल्या झाडाची फांदी मोडून शेरखान आगीत पडतो. हत्ती नदीचं पाणी वळवून वणवा विझवतात. जुन्या चित्रपटात तर वाघ मरतच नाही, शेपटीला जळती फांदी बांधली की पळून जातो. मुलांना तीनच गोष्टी लिहायला सांगा: मोगलीला आधी काय माहीत होतं, त्याने काय वापरलं, आणि जिंकल्यावर त्याला काय मोजावं लागलं.

तिसऱ्या मुद्द्यावर चर्चा रंगते. पुस्तकात वाघ मेल्यावर बुलदेव शिकारी येतो. शंभर रुपये इनाम त्याला हवं आहे आणि त्यातला एक रुपया तो उदारपणे पोराला देऊ करतो. अकेला त्याला जमिनीवर लोळवून वर उभा राहतो. बुलदेव गावात जाऊन पोरगा चेटक्या आहे म्हणून सांगतो आणि ज्या गावाची गुरं मोगलीने राखली तेच गाव त्याला दगड मारून हाकलतं. लांडग्यांच्या कळपातून तो आधीच हाकलला गेला होता. वाघ मेला आणि पोरगं दोन्हीकडून परकं झालं. नव्या चित्रपटात किंमत मोजायची वेळच येत नाही, सगळे मित्र होतात.

चित्रपट वर्गात दाखवण्याविषयी: शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्याच प्रेक्षकांपुढे शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखवायला भारतीय कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. घरच्या ओटीटी खात्यावरून दाखवणार असाल तर त्या सेवेच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचा.

प्रश्न : आम्ही वैनगंगेकाठचे. पुस्तकात नदीच्या कड्यांमधून उड्या मारतात, आमच्याकडे तर मैलभर वाळू. ही खरंच आपलीच वैनगंगा का? पेंचला गेलं तर मोगलीचं रान दिसेल का? (भंडारा)

नदी आपलीच. सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम, मग बालाघाट, गोंदिया, भंडारा, पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून जाऊन वर्धा नदीला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. किपलिंगच्या ‘सिओनी’ टेकड्या म्हणजे सिवनी. पण तो तिथे कधी गेलेला नव्हता. जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, मोगलीच्या गोष्टी मात्र त्याने अमेरिकेत, व्हर्मांटच्या बर्फात बसून लिहिल्या. सातपुड्याची माहिती त्याने रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेलच्या १८७७ च्या शिकारी-वर्णनातून उचलली. म्हणून नावं नकाशावर सापडतात, पण नदीचे उभे कडे आणि तुमच्या घाटावरची वाळू जुळवायला जाऊ नका.

पेंचला जरूर जा, फक्त एक गैरसमज सोडून. पेंच व्याघ्र प्रकल्पातून वैनगंगा वाहत नाही. तिथे पेंच नदी आहे. ती कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे आंभोऱ्यापाशी वैनगंगेला. तुरिया आणि कर्माझिरी ही प्रवेशद्वारं मध्य प्रदेशात, सिल्लारी आणि खुर्सापार नागपूर जिल्ह्यात. गाभ्याचं क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं. नागपूर-सिवनी महामार्गावर मोठे पूल लागतील. वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच तिथे उचलला आहे. गाडीत मुलं असतील तर हे पूल दाखवा, चित्रपटात नसलेली ती खरी गोष्ट.

दिसेल काय? वाघ, चितळ, सांबर, रानगवे, वानरं आणि नशीब असेल तर अस्वल. बालूला किपलिंग ‘तपकिरी’ म्हणतो, पण सातपुड्यातलं अस्वल काळं असतं, छातीवर ‘व्ही’सारखी पांढुरकी खूण आणि वाळवी ओढून खायला लांब ओठ. चित्रपटातला गुबगुबीत बालू त्याच्याशी फारसा जुळत नाही. बगीरा म्हणजे काळा बिबट्या, वेगळी जात नव्हे. साध्या बिबट्याच्याच अंगात काळा रंग जास्त. किपलिंगने त्याचं वर्णन फार बारकाईने केलं आहे: अंग शाईसारखं काळं, पण विशिष्ट उजेडात ठिपके दिसतात, लहरदार रेशमावरच्या नक्षीसारखे. नव्या चित्रपटात बगीरा उन्हात येतो तेव्हा नीट बघा, ठिपके आहेत. संगणकावर काम करणाऱ्यांनी ही ओळ नक्की वाचली असणार. तो सगळा चित्रपट लॉस एंजेलिसमधल्या निळ्या पडद्यांपुढे झाला आहे, पण दृश्य-परिणामांचं ऑस्कर त्याला मिळालं ते अशा गोष्टींसाठीच.

लांडगा मात्र पेंचच्या दाट रानात शोधू नका. आपला भारतीय लांडगा माळरानाचा, गवताळ मोकळ्या जमिनीचा. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या मेंढपाळांना तो किपलिंगपेक्षा चांगला ठाऊक आहे. दाट रानात कळपाने फिरतात ते रानकुत्रे, आपल्या जुन्या बोलीत कोळसून. आणि ‘रेड डॉग’ गोष्टीत हेच कोळसून दख्खनमधून उत्तरेकडे चालून येतात. म्हणजे किपलिंगने आपल्या बाजूने पाठवले ते खलनायकच!

प्रश्न : गोष्टी कुठल्या क्रमाने वाचाव्यात? आणि नऊ वर्षांच्या मुलीला कुठवर वाचून दाखवाव्यात? (नाशिक)

पुस्तकातला क्रम आणि मोगलीच्या वयाचा क्रम वेगळा आहे, तिथेच गोंधळ होतो. पहिल्या पुस्तकात मोगलीच्या तीन गोष्टी, दुसऱ्यात पाच. बाकीच्या, रिक्की-टिक्की मुंगसाची वगैरे, स्वतंत्र आहेत. वयाप्रमाणे वाचायचं तर आधी ‘मोगलीज ब्रदर्स’, पण त्यातला मोगली हाकलला जाण्याचा शेवटचा भाग मागे ठेवा. ‘काज हंटिंग’ आणि ‘हाऊ फिअर केम’ त्याच्या आधीच्या काळातल्या. मग तो शेवट, ‘टायगर! टायगर!’, ‘लेटिंग इन द जंगल’, ‘द किंग्ज अंकुस’, ‘रेड डॉग’ आणि ‘द स्प्रिंग रनिंग’.

‘हाऊ फिअर केम’ चुकवू नका. नव्या चित्रपटातला दुष्काळ, पाण्यावरचा तह, उघडी पडलेली शांती-शिळा हे सगळं तिथलंच. हत्तींनी रान घडवलं म्हणून त्यांच्यापुढे वाकायचं, हेही त्याच गोष्टीतून निघालंय. लांडगे जो नियम एका सुरात म्हणतात, ती कविता याच गोष्टीला जोडलेली आहे. नवा चित्रपट पुस्तकापासून दूर गेला असं सरसकट म्हणणारे हा भाग विसरतात.

नऊ वर्षांच्या मुलीला ‘टायगर! टायगर!’पर्यंत खुशाल वाचा. ‘लेटिंग इन द जंगल’मध्ये मोगली हत्तींकरवी आख्खं गाव उद्ध्वस्त करतो. गावकरी भोळसट-दुष्ट आणि न्याय मात्र दूरच्या इंग्रजाकडे, हा त्या काळच्या साहेबाचा दृष्टिकोन त्यात उघड दिसतो. तो समजून बोलता येईल अशा वयात, बारा-तेराच्या पुढे, ती वाचावी. ‘रेड डॉग’ रक्तबंबाळ आहे, पण बेत बघण्यासारखा: मोगली झाडावरून कोळसुनांना चिडवतो, म्होरक्याचं शेपूट कापतो, अंगाला रानलसूण चोळतो कारण मधमाश्यांना तो वास सहन होत नाही, संध्याकाळी कड्यावरून धावत पोळ्यांत दगड ढकलतो आणि खाली नदीत उडी मारतो, जिथे काऽ त्याला धरायला तयार असतो. मागून येणारे कोळसून माश्यांच्या तावडीत. पुन्हा तेच: आग नाही, फक्त कोण कशाला भितं याची माहिती. डिस्नेच्या दोन्ही चित्रपटांत हा प्रसंग नाही.

प्रश्न : आमच्या बालनाट्य गटाला मोगलीवर मराठी नाटक करायचं आहे. परवानगी कुणाची? नावं कशी ठेवावीत? (ठाणे)

परवानगीचं आधी. किपलिंग १९३६ साली वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे इथले हक्क केव्हाच संपले आहेत. मूळ इंग्रजी गोष्टींवरून तुम्ही बिनदिक्कत नाटक लिहा. मात्र कुणाचा मराठी अनुवाद वापरलात तर तो हक्क अनुवादकाचा. चित्रपटांतली गाणी, संवाद, लुई राजा, पात्रांचे ठरलेले चेहरे आणि दूरदर्शनच्या मालिकेचं शीर्षकगीत यांना हात लावू नका. सर्वांना पाठ आहे म्हणून ते मोफत होत नाही. तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग करणार असाल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जायला हवी. तारीख ठरवून मग संहिता पाठवणारे गट दरवर्षी अडकतात.

नावांची खरी अडचण मराठीतच आहे. अजगराचं नाव ‘का’ लिहिलंत की नट वाचणार, ‘का आला?’ आणि समोरचा उत्तर देणार. म्हणून संहितेत ‘काऽ’ लिहा आणि बोलताना शेवटी श्वास सोडा. चिल ही घार, मराठीत स्त्रीलिंगी, पुस्तकात मात्र पुरुष. सरळ बाई करून टाका, काही बिघडत नाही. रशियन अनुवादात आणि तिथल्या कार्टूनपटात बगीरासुद्धा बाई आहे आणि फार देखणी. तबाकी हा कोल्हा, खोकड नव्हे. ‘अकेला’, ‘हाथी’ हे हिंदी शब्द मराठी मुलांना कळतात, भाषांतर करून ‘एकटा’ केलंत तर पात्र विनोदी होतं. मोगलीचा उच्चार किपलिंगच्या मते ‘माउ’ने सुरू होतो, पण आपल्याकडे ‘मोगली’ रुळलंय, तेच ठेवा. त्याचा अर्थ बेडूक, असं पुस्तकात म्हटलंय. ते नाव आपण मनाने बनवलं, कुठल्याच भाषेत त्याचा अर्थ बेडूक नाही, असं पुढे किपलिंगनेच सांगून टाकलं.

एक शब्द जपून वापरा: ‘जंगलचा कायदा’. मराठीत त्याचा अर्थ बळी तो कान पिळी असा होतो. पुस्तकात अगदी उलट आहे, तिथे पाणी कुणी कधी प्यावं इथपर्यंत नियम आहेत. ‘रानाचा नेम’ किंवा ‘रानाची रीत’ म्हणा. लढाई रंगमंचावर कशी दाखवायची ते तुम्ही ठरवाल, पण म्हशींची धाव ढोलकी आणि पायांच्या तालावर दहा-बारा मुलांत होते; वाघ आगीत पाडायचा तर अग्निशमनाची कटकट वेगळी.

प्रश्न : १९९३ ची दूरदर्शनवरची मालिका पुस्तकाच्या जास्त जवळ होती असं वाटतं. आठवण फसवते का? (डोंबिवली)

पूर्ण नाही. ती ५२ भागांची जपानी मालिका, मूळ १९८९ ची. त्यामुळे गोष्टींना ऐसपैस जागा मिळाली. काऽ तिथे मोगलीचा मित्रच आहे. शेरखानचा हिंदी आवाज मालिकेत नाना पाटेकरांचा आणि २३ वर्षांनी नव्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही त्यांचाच, त्यामुळे आठवणींची सरमिसळ होते. चड्डी मात्र मालिकेची. पुस्तकातला मोगली गावात येईपर्यंत उघडाच असतो.

प्रश्न : शेवटी मोगली राहतो कुठे, रानात की गावात? प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. (कोल्हापूर)

जुन्या चित्रपटात पाणी भरायला आलेल्या मुलीच्या मागे गावात जातो. नव्यात रानातच राहतो. पुस्तकात ‘द स्प्रिंग रनिंग’मध्ये तो सतराएक वर्षांचा आहे, वसंतात सगळे आपापल्या जोडीदाराच्या मागे गेलेले, याला काय होतंय ते यालाच कळत नाही, आणि रडतरडत रान सोडतो. बगीरा त्याच्यासाठी एक बैल मारून आणतो आणि ऋण फिटलं म्हणतो. लहानपणी याला कळपात घ्यायचं म्हणून बगीराने एका बैलाचीच किंमत दिली होती.

पण खरा शेवट किपलिंगने सगळ्यांच्या आधी, १८९३ साली लिहून ठेवला होता, ‘इन द रुख’ या गोष्टीत. तिथला मोगली मोठा झालेला आहे, लग्न करतो आणि वनखात्यात वनरक्षक होतो. नोकरी देताना म्युलर नावाचा जर्मन साहेब त्याला समजावतो: दर महिन्याला चांदीत पगार, आणि बायको-मुलं-गुरंढोरं झाल्यावर शेवटी पेन्शन.